गाण्याचा क्लास आणि गावाचा उत्सव

मंडळी, गणपती जवळ आले की आपल्या कोरेगावात दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. मंडळांच्या बैठकीत साउंड कुणाचा आणायचा यावर चर्चा रंगते. आणि त्याच संध्याकाळी कुणाच्या तरी घराच्या पुढच्या खोलीत सात-आठ पोरं पेटी-तबला घेऊन परीक्षेची तयारी करत बसलेली असतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, असं आज कुणाला वाटत नाही. पण सातारा-सांगलीचा इतिहास बघितला तर क्लास आणि उत्सव हे सख्खे भाऊ आहेत. आपण त्यांची वाटणी करून टाकली, एवढंच.

सांगलीपासून सुरुवात करू. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीच्या दरबारात 'सीता स्वयंवर' सादर केलं. म्हणून ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो. हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या आतली गोष्ट मात्र फार कुणी सांगत नाही. नाटक करायला तयार नट कुठं होते? कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ बघून चिंतामणराव पटवर्धनांनी तसंच काही मराठीत करायला सांगितलं आणि भाव्यांनी माणसं गोळा करून त्यांना शिकवून तयार केलं. म्हणजे आधी तालीम, मग खेळ. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले आणि राजाश्रय आटला. भाव्यांनी मंडळी घेऊन दौरे काढले, १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. दरबाराचा खर्च लोकांनी उचलला.

आता मिरज. कोरेगाव स्टेशनवरून जी गाडी पुढं रहिमतपूर, कराड करत जाते, तिचंच हे गाव. कुरुंदवाडचा विष्णू दिगंबर पलुसकर हा मुलगा फटाक्याच्या दुर्घटनेत दृष्टी गमावून बसला. उपचारासाठी मिरजेला आला आणि तिथं बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकला. असं सांगतात, की एका समारंभाचं बोलावणं पलुसकरांना आलं, पण त्यांच्या गुरूंना आलं नाही. का, तर ते गवई! गवयाची समाजातली किंमत तेव्हा एवढीच होती. १८९६ मध्ये पलुसकरांनी मिरज सोडली आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं.

त्यांनी काय बदललं? गाणं शिकायला आता गुरूच्या घरी पाणी भरत वर्षानुवर्षं राहायची गरज उरली नाही. वर्ग, वेळापत्रक, स्वरलिपी, छापील पुस्तकं आणि परीक्षा आल्या. सभ्य घरातल्या मुलाबाळांनी गाणं शिकावं, ही गोष्ट रुजली. आज आपल्या मुली 'प्रारंभिक', 'प्रवेशिका', 'मध्यमा' अशा परीक्षा देतात, त्याचं मूळ इथं आहे.

पण पैसा कुठून यायचा? देणग्या आणि जलसे. पलुसकर गावोगाव तिकीट लावून गायचे आणि त्या पैशावर शाळा चालवायचे. मुंबईत मोठी इमारत बांधली, कर्ज झालं, फिटलं नाही आणि इमारत लिलावात गेली. १९३१ मध्ये ते वारले. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं आणि परीक्षा चालू राहिल्या. इमारत गेली, पण क्लास टिकला. कारण तोवर लोकांना तो आपला वाटू लागला होता.

मिरजेतच स्थायिक झालेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचीही गोष्ट हीच. त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवलं. १९३७ मध्ये ते गेले. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात उरुसाला त्यांच्या स्मरणार्थ आजही गाणं होतं. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व. १९५३ मध्ये भीमसेन जोशींनी त्यांच्या नावानं पुण्यात सुरू केलेल्या महोत्सवाला आज आपल्याकडची माणसंही आवर्जून जातात. आधी गुरू शिकवतो, मग शिष्य त्याच्या नावानं उत्सव उभा करतो. क्लासमधून उत्सव निघतो तो असा.

आणि हे सगळं लांबचं वाटत असेल तर औंधला चला. आपल्या तालुक्यातलं रहिमतपूर हे औंधला जवळचं स्टेशन. औंध संस्थानचे गवई अंतुबुवा जोशी हेही बाळकृष्णबुवांचेच शिष्य. १९४० मध्ये त्यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ औंधला संगीत उत्सव सुरू केला. पुढं त्यांचे चिरंजीव गजाननबुवांनी तो वाढवला. संस्थान विलीन झालं, पण उत्सव बंद पडला नाही. अश्विन वद्य पंचमीला आजही एवढ्याशा गावात देशातले नावाजलेले कलाकार येऊन गातात आणि आसपासची माणसं मांडी घालून ऐकतात.

या सगळ्यातून मला एकच गोष्ट दिसते. ज्या उत्सवाच्या पाठीमागं शिकवणारा माणूस होता तो टिकला. आणि ज्या क्लासला लोकांसमोर उभं राहायची जागा मिळाली, तोही टिकला.

आज आपल्याकडं काय चाललंय? उत्सवाला पैसा आहे. वर्गणी जमते, मिरवणूक दणक्यात निघते. पण त्यातला किती पैसा गावातल्या शिकवणाऱ्याकडं जातो? आणि क्लासमधली पोरं? ती तालुक्याबाहेरच्या केंद्रावर परीक्षा देतात, प्रमाणपत्र आणतात आणि दहावी आली की पेटी कपाटावर जाते. पाच-सहा वर्षं शिकून गावासमोर एकदाही न वाजवलेली मुलं मी बघितली आहेत. दोष त्यांचा नाही. आपण त्यांना कधी बोलावलंच नाही.

माझा डीजेवर राग काढायचा विचार नाही. ज्याला नाचायचंय त्यानं नाचावं. माझं मागणं साधं आहे. दहा दिवसांतली एक संध्याकाळ मंडळांनी गावातल्या क्लासला द्यावी. गायन, तबला, भरतनाट्यम, भजन, सोंगी भारूड, जे आपल्याकडं शिकवलं जातं ते. मानधन द्यावं, चहा-नाश्त्यावर भागवू नये. आणि नगरपंचायतीनं एखादी बांधलेली, संध्याकाळी कुलूप असलेली खोली आठवड्यातून दोन दिवस शिकवणाऱ्यांना नाममात्र भाड्यानं उघडून द्यावी. नवं सभागृह नंतर बघू. पलुसकरांची इमारत लिलावात गेली होती, हे लक्षात असू द्या.

मंडळांचे जे पदाधिकारी हे वाचत असतील, त्यांनी पुढच्या बैठकीत विषय काढा. आणि आपापल्या वाडी-वस्तीवर, गल्लीत कोण काय शिकवतंय, ते मंडळाला सांगा. यंदाच्या गणपतीला एका मंडळानं जरी सुरुवात केली, तरी पुढच्या वर्षी बाकीचे मागं राहणार नाहीत. ईर्ष्या आपल्याकडं भरपूर आहे. ती एकदा या कामाला लावून बघू.