देवत्व मिळाले, दलदल गेली

प्राचीन इजिप्तमध्ये पूज्य शराटीइतका मान फार थोड्या पक्ष्यांना मिळाला. आपल्याकडच्या पांढऱ्या शराटीचा हा जवळचा भाऊबंद. पांढरे अंग, पिसे नसलेले काळे डोके आणि चिखलात किडे, गोगलगायी चाचपणारी लांब बाकदार चोच, असे त्याचे रूप. लेखनविद्येचा देव थोथ याला इजिप्शियनांनी याच पक्ष्याचे मस्तक दिले. शराटी चुकून मारणाऱ्यालाही देहदंड होतो, असे हेरोडोटसने इ.स.पू. पाचव्या शतकात लिहिले. तरीही 19व्या शतकात हा पक्षी इजिप्तमधून नाहीसा झाला. ज्या जिवाला लोक पूजतात तो आपोआप वाचतो, ही समजूत या इतिहासापुढे टिकत नाही.

मुळात ही भक्तीच पक्ष्याच्या जिवावर बेतणारी होती. थोथला नवस म्हणून शराटीची ममी अर्पण करण्याची प्रथा होती. सक्कारा येथील भुयारांत अशा सुमारे 17.5 लाख आणि तुना अल-गेबेल येथे सुमारे 40 लाख ममी असाव्यात, असा अंदाज आहे. इतके पक्षी मंदिरे पाळून वाढवत असतील, असे पूर्वी मानले जाई. इ.स.पू. दुसऱ्या शतकातील होर या लेखनिकाच्या टिपणांत 60,000 शराटींच्या खाद्याचा उल्लेख आहे. त्यावरून या मताला बळ मिळते. पण 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात ममींमधली जनुकीय विविधता आजच्या रानटी शराटींइतकीच आढळली. पिढ्यान्‌पिढ्या बंदिस्त पैदास झाली असती तर ती घटली असती. म्हणजे बरेचसे पक्षी रानातून येत आणि मंदिराच्या आसपास काही काळ पोसले जात, हे अधिक संभवते.

मग या कत्तलीनेच पक्षी संपला, असे कोणी म्हणेल. तेही पटत नाही. ख्रिस्ती धर्म रुजल्यावर ही पूजा थांबली आणि त्यानंतर शेकडो वर्षे शराटी नाईलकाठी टिकून होता. त्याला टिकवले ते दरवर्षी पुराने भिजणाऱ्या दलदलीने. मोहम्मद अलीच्या राजवटीत (1805–48) कापसासाठी बारमाही कालवे आले, लागवड पसरली आणि नदीकाठचा जुना क्रम बदलला. पक्षी दिसेनासा झाला तोही याच शतकात. हा केवळ योगायोग मानणे कठीण आहे.

शेतातही किडे असतात, मग शराटी तिथे का तगला नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण हा पक्षी थव्याने घरटी करतो. नुसते खाद्य त्याला पुरत नाही, पाण्याजवळ निवांत वसाहतीची जागाही लागते. फ्रान्सचे उदाहरण बोलके आहे. प्राणिसंग्रहालयांतून सुटलेल्या शराटींनी तिथल्या पश्चिम किनाऱ्यावरील पाणथळींत 1990च्या दशकात वसाहती केल्या आणि ते इतके वाढले की सरकारला त्यांची संख्या आवरावी लागली. तिथे त्यांना कोणी देव मानत नव्हते. म्हणून श्रद्धेचे मोल मोजायचे ते तिने किती पाणथळी राखल्या यावर. इजिप्तच्या मंदिरांनी पक्ष्याला खाद्य दिले, कायद्याने अभय दिले. पण दलदल राखण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती, आणि पक्ष्याला नेमकी तीच हवी होती.