मारुती चितमपल्ली : वनरक्षण आणि नामरक्षण

अरण्याचे रक्षण म्हणजे तेथील वृक्ष, पशू आणि पक्षी ह्यांचे रक्षण, असा अर्थ सामान्यतः केला जातो. अरण्याबरोबर त्यातील वस्तुजाताची नावेही नष्ट होतात, आणि नाव गेले म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण लोपते, ही जाणीव मात्र विरळाच आढळते. मराठीत ती मारुती चितमपल्ली ह्यांच्या लेखनात सर्वांत ठळकपणे प्रकट झाली. 18 जून 2025 रोजी सोलापूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी मराठीला एक लाख शब्द दिले, असे त्यांच्या हयातीत आणि निधनानंतरही वारंवार म्हटले गेले. हे विधान गौरवाचे असले तरी अभ्यासकाने ते जसेच्या तसे स्वीकारणे युक्त नव्हे. ‘दिले’ ह्या एका क्रियापदात तीन भिन्न व्यापार एकत्र आले आहेत : लोकांच्या तोंडचा शब्द टिपणे, नवा शब्द घडविणे आणि जुन्या ग्रंथातील शब्द पुन्हा प्रचारात आणणे. ह्या तिहींचे मोल सारखे नाही.

चितमपल्ली ह्यांचा जन्म 5 नोव्हेंबर 1932 रोजी सोलापूर येथे झाला. त्यांची मातृभाषा तेलुगू होती. मराठी त्यांनी आपलीशी केली. कोइमतूर येथे वनविद्येचे शिक्षण घेऊन त्यांनी वनखात्यात दीर्घकाळ सेवा केली आणि 1990 मध्ये ते निवृत्त झाले. कर्नाळा, नवेगाव बांध, नागझिरा आणि मेळघाट ही त्यांची प्रमुख कार्यक्षेत्रे होत. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 मध्ये झाला, मेळघाटात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि 1975 मध्ये नवेगावला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, तो हाच काळ होय. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘जंगलाचं देणं’, ‘रानवाटा’, ‘रातवा’ हे त्यांचे ललितग्रंथ. ‘चकवाचांदण : एक वनोपनिषद’ हे आत्मचरित्र. 2006 मध्ये सोलापूर येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. 2025 मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली.

विदर्भाचे अरण्य भाषादृष्ट्याही संपन्न आहे. इंडो-आर्यन कुळातील मराठी, द्राविडी कुळातील गोंडी आणि मुंडा शाखेतील कोरकू ह्या तीन भाषा तेथे शेजारी नांदतात. नवेगावच्या परिसरात माधवराव पाटलांसारखे जाणकार आणि धीवरांसारखे जलाशयावर उपजीविका करणारे लोक चितमपल्लींना भेटले. आधी प्राणी पाहावा, मग तो रोज पाहणाऱ्याला त्याचे नाव विचारावे, असा हा क्रम होता. अशा नावांत निरीक्षण साठविलेले असते. ‘रातवा’ म्हणताच पक्ष्याची वेळ कळते. ‘तणमोर’ आणि ‘माळढोक’ म्हणताच त्यांचे वसतिस्थान कळते. माळढोकालाच विदर्भात ‘हूम’ म्हणतात, ते नराच्या घुमणाऱ्या आवाजावरून. एक नाव डोळ्यांनी दिले, दुसरे कानांनी. ‘पक्षिकोश’ (2002) आणि त्यानंतरचा प्राणिकोश ह्यांचे खरे बळ अशा लोकनामांत आहे. हे शब्द चितमपल्लींनी मराठीला दिले असे म्हणण्यापेक्षा अरण्यवासीयांनी दिलेले शब्द त्यांनी हरवू दिले नाहीत, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. त्यामुळे त्यांचे श्रेय उणावत नाही. मूळ धन्याचे ऋण तेवढे मान्य होते.

दुसरा व्यापार शब्दघटनेचा. कावळ्यांच्या वसाहतीस ‘काकागार’, बगळ्यांच्या वसाहतीस ‘सारंगागार’ आणि पाखरांच्या रात्रीच्या आश्रयस्थानास ‘रातनिवारा’ हे शब्द त्यांनी रूढ करू पाहिले. पहिले दोन संस्कृत समास आहेत. त्यांतील ‘सारंग’ ह्या पदाला हरिण, मोर, चातक, भुंगा असे अनेक अर्थ असल्याने संज्ञेला आवश्यक असलेली निश्चिती त्यात राहत नाही. ‘रातनिवारा’ मात्र रोजच्या दोन शब्दांचा समास असून ऐकताक्षणीच अर्थ देतो. ज्या घडणीने रानाने ‘तणमोर’ घडविला, तिच घडण येथे आहे.

तिसऱ्या व्यापाराचे उदाहरण म्हणजे तेराव्या शतकातील जैन ग्रंथकार हंसदेव ह्याच्या ‘मृगपक्षिशास्त्रा’चा त्यांनी सिद्ध केलेला मराठी अनुवाद. प्राणिवर्णनाला वाहिलेला असा संस्कृत ग्रंथ दुर्मीळ असल्याने तो मराठीत येणे महत्त्वाचे होते. परंतु हा ग्रंथ सावधपणे वाचला पाहिजे. हंसदेव सिंहाचे सहा प्रकार सांगतो : सिंह, मृगेंद्र, पंचास्य, हर्यक्ष, केसरी आणि हरि. हीच सहा नावे ह्याच क्रमाने अमरकोशात पर्यायशब्द म्हणून आली आहेत. कोशातील पर्याय येथे प्राण्यांचे प्रकार झाले. नावे पुष्कळ, प्राणी एक. प्रत्यक्ष दर्शनापासून सुटलेले नाव अभ्यासकाला कोठे नेते, ह्याचा हा बोलका दाखला होय. म्हणून संस्कृत नावे आजच्या जातींना लावताना प्रत्येक नावाचा स्वतंत्र पुरावा तपासणे अगत्याचे आहे. चितमपल्लींच्या कोशांनाही हा नियम लागू पडतो.

ह्या तिहींचा विचार करता चितमपल्लींचे चिरस्थायी कार्य लोकनामांच्या संग्रहात आहे. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ने मराठी निसर्गलेखनाला ललित रूप दिले, चितमपल्लींनी त्याला वनातील बोलीचा आधार दिला. पुढच्या अभ्यासकाचे काम ह्यातूनच ठरते. प्रत्येक नाव कोणत्या गावी, कोणत्या भाषेत आणि कोणत्या समाजात बोलले जाते ह्याची नोंद व्हावयास हवी, आणि ती बोलणारे वृद्ध हयात असताना व्हावयास हवी.

तथापि ह्या कार्यालाही एक मर्यादा आहे. सोलापूरजवळ नान्नज येथे 1979 मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले. आज महाराष्ट्राच्या माळरानांवरून तो पक्षी जवळजवळ नाहीसा झाला आहे. त्याची दोन्ही नावे कोशात सुरक्षित आहेत. परंतु माळावर तो दिसेनासा झाल्यावर ‘हूम’ ऐकून नाव देणारा कान कोठून यावयाचा? मग ‘माळढोक’ आणि ‘हूम’ हेही हंसदेवाच्या ‘पंचास्य’ आणि ‘हर्यक्ष’ ह्यांसारखे नुसते पर्यायशब्द उरतील. वनाधिकारी आणि कोशकार ह्या दोन्ही भूमिका चितमपल्लींनी एकाच आयुष्यात का वागविल्या, ह्याचे उत्तर येथे मिळते.