मास्तरांचा क्लब

इंग्लंडातला संडरलंड हा फुटबॉल क्लब मुळात प्राथमिक शाळेच्या मास्तरांचा, हे किती जणांना माहीत असेल? १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर तिकडे ठिकठिकाणी बोर्ड शाळा निघाल्या. जहाजं बांधणाऱ्या या गावातल्या हेंडन बोर्ड शाळेत जेम्स ॲलन नावाचे स्कॉटिश मास्तर होते. त्यांनी आसपासचे शिक्षक जमवून क्लब काढला. साल १८७९ सांगतात. खेळायचं फक्त शिक्षकांनी! पण मास्तरांचा खिसा तो केवढा? पैसे पुरेनात, म्हणून १८८० च्या ऑक्टोबरात दार इतरांनाही उघडलं आणि नावातले 'शिक्षक' गेले. मला वाटतं, तत्त्वाने नव्हे, तंगीनेच तो क्लब गावाचा झाला. १८९२ मध्ये त्याने लीगही जिंकली. ॲलन मात्र १८८८ मध्येच बाहेर पडून त्याच गावात दुसरा क्लब काढून बसले होते.