जागा बदलणारी चूक

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘सेमिकॉन इंडिया’ परिषदेत ‘विक्रम ३२०१’ हा ३२ बिटांचा स्वदेशी मायक्रोप्रोसेसर देशासमोर आला. इस्रोचे तिरुवनंतपुरम येथील विक्रम साराभाई अवकाश केंद्र आणि मोहालीची सेमीकंडक्टर लॅबोरेटरी यांनी प्रक्षेपकांसाठी घडवलेली ही चिप. अशा वेळी एक प्रश्न विचारायलाच हवा: चिप चुकते आहे, हे ओळखायचे कसे? लिनक्सच्या इतिहासात त्याचे एक बोलके उत्तर सापडते.

१९९० च्या दशकात पीसीवर लिनक्सचे कर्नल कम्पाइल करताना ‘जीसीसी’ हा कम्पायलर अनेकदा मध्येच कोसळे आणि पडद्यावर ‘सिग्नल ११’ उमटे. संशय साहजिकच कम्पायलरवर जाई. परंतु तीच आज्ञा पुन्हा दिली, की काम भलत्याच फाइलपाशी अडे. कधी निर्विघ्न पारही पडे. निदानाची किल्ली इथेच होती. प्रोग्राम तोच, फाइल तीच, मग चुकीची जागा का बदलावी? कम्पायलरमधला दोष सहसा त्याच ओळीवर पुन्हा भेटतो. जागा बदलणारी चूक हार्डवेअरकडे बोट दाखवते.

कम्पायलरच का कोसळे? त्याच्या मेमरीत एकमेकींचे पत्ते बाळगणाऱ्या नोंदींचे दाट जाळे असते. छायाचित्रातला एक बिट उलटला, तर एखादा ठिपका बिघडेल. पत्त्यातला उलटला, तर प्रोग्राम परक्या जागेत शिरतो आणि ऑपरेटिंग सिस्टीम त्याला तिथेच थांबवते.

पुढचे काम प्रयोगशाळेतल्यासारखेच: रॅमच्या पट्ट्या आलटून-पालटून पाहणे, क्लॉकचा वेग उतरवणे, कॅशे बंद करणे, तापमान तपासणे, मात्र एका वेळी एकच बदल. ‘मेमटेस्ट८६’सारखे चाचणी-प्रोग्राम मदतीला होते, पण त्यांत उत्तीर्ण झालेले यंत्रही कम्पायलरच्या ताणाखाली हार मानू शके.

ही कथा जुनी झालेली नाही. २०१७ मध्ये एएमडीच्या नव्या रायझन प्रोसेसरांपैकी काहींवर, लिनक्समध्ये एकाच वेळी अनेक फाइली कम्पाइल करताना असेच अपघात घडू लागले. वापरकर्त्यांनी चिकाटीने नोंदी जमवल्या. अखेर कंपनीने दोष मान्य करून प्रोसेसर बदलून दिले.

देशात चिपनिर्मिती वाढेल, तशी आपल्याला अशा चिकाटीच्या परीक्षकांचीही गरज भासेल. विद्यार्थ्यांनी त्यासाठी एक सवय आतापासूनच लावून घ्यावी: यंत्र अडले, की पुन्हा सुरू करण्याआधी ते नेमके कुठे अडले, हे लिहून ठेवावे.