पतंगाच्या मिशा आणि बाल्याचा रस

दिव्यावर झेप घेणारा पतंग आपल्या कवींनी इतका उजेडात आणून ठेवला आहे की, त्याचा सारा संसार अंधारात चालतो हे आपण विसरूनच गेलो आहोत. नर पतंगाला मादी सापडते ती डोळ्यांनी नव्हे, वासाने. आणि त्याचे नाक म्हणजे डोक्यावरच्या दोन मिशा. रेशमाच्या पतंगिणीचे गंधद्रव्य शुद्ध स्वरूपात मिळवण्यासाठी जर्मनीतील बुटेनांट यांनी वीसएक वर्षे वेचली, पाच लाख पतंगिणी खर्ची पडल्या, तेव्हा १९५९ मध्ये त्या द्रव्याचा थांग लागला.

पिसासारख्या या मिशा सुरवंटाला नसतात. त्याला असते ते इवलेसे टोक. तो कोशात निजला की मगच त्या घडू लागतात. मग तोवर त्यांना थोपवून धरते कोण? उत्तर प्रथम मिळाले ते पतंगाकडून नव्हे, ढेकणाच्या एका जातभाईकडून. लंडनमध्ये व्हिन्सेंट विगल्सवर्थ यांनी १९३४ च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतील रक्तपिपासू ऱ्होड्नियस किड्यांची मुंडकी उडवली. मुंडके गेले तरी हे प्राणी महिनोन्‌महिने जगतात! (फराळाचे ताट पुढे असताना हा मजकूर वाचू नये, हे खरे.) पण नवल पुढेच होते. नेमक्या वेळी शिर कापलेले अर्धवट वयाचे पिल्लू एकदम प्रौढ झाले. म्हणजे मेंदूमागे बाल्य टिकवून धरणारा रस स्रवणारी ग्रंथी असली पाहिजे.

तो रस हाती लागला १९५६ मध्ये, हार्वर्डच्या कॅरोल विल्यम्स यांच्या. आणि तोही कोठे, तर सेक्रोपिया नावाच्या थोरल्या अमेरिकन पतंगाच्या नराच्या पोटात. सोनेरी तेलच ते. कोशाच्या कातडीवर चोळले की आतून पतंगाऐवजी पुन्हा कोशच, नाही तर अर्धा कोश अर्धा पतंग असे काही विद्रूप ध्यान निघे. जेथे रसाचा अंमल राही तेथे ना पतंगाचे खवले, ना संवेदना टिपणारे केस.

पुढे १९६४ मध्ये कारेल स्लामा प्रागहून आपले तांबडे ढेकूण घेऊन हार्वर्डला गेले, तर तेथे ते ढेकूण काही केल्या वयातच येईनात. बालपणीच थोराड होऊन मरत. शोध घेता घेता बोट गेले ते बशीत अंथरलेल्या कागदावर! ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या तुकड्यावर हेच होई, लंडनच्या ‘टाइम्स’वर मात्र ढेकूण सुखाने मोठे होत. अमेरिकन कागद ज्या बाल्सम फर झाडाचा, त्याच्या लाकडातच बालरसासारखे द्रव्य होते. आपल्या कपाशीवरचे तांबडे ढेकूण याच कुळातले.

विल्यम्स हरखून गेले. कीटक आपल्याच रसाला कसा दाद देणार नाही? अशा वाढनियामकांना त्यांनी १९६७ मध्ये तिसऱ्या पिढीची कीटकनाशके म्हटले. १९७२ मध्येच पिठातल्या किड्यांच्या एका वाणाने ती खात्री खोटी पाडली. शास्त्रज्ञाने निसर्गाच्या वतीने वचन देऊ नये, असे मला वाटते.

पण प्रौढ नराच्या पोटात बाल्याचा रस कशाला? सेक्रोपियाचा नर तो मीलनात मादीला देतो, असे पुढे आढळले. दुसरे उत्तर दिले ते हरभऱ्याची रोपे कुरतडणाऱ्या काळ्या अळीच्या पतंगाने. त्याचा नर कोशातून निघाल्यावर पहिले काही दिवस मादीच्या वासाकडे ढुंकूनही पाहत नाही. मिशा पूर्ण झालेल्या असतात, वास टिपतात, मेंदूकडे वर्दीही जाते. पण मेंदूच दखल घेत नाही. फ्रान्समध्ये गादेन व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवले की, ती ग्रंथी काढली तर नर तसाच बधिर राहतो, आणि रस टोचला की वासामागे धावतो. हा बदल मेंदूतल्या गंधकेंद्रात घडतो, हे अँटन व गादेन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केले.

म्हणजे जो रस कोशात असताना मिशा घडूच देत नाही, तोच पुढे त्या मिशांचा निरोप मेंदूला ऐकायला लावतो. अळीवर फवारलेल्या अशा औषधाचा थेंब शेतावर उडणाऱ्या तरुण नरावर पडला, तर तो मरेल की मादीच्या शोधात लवकरच निघेल, हे फवारणीचा दिवस ठरवण्यापूर्वी पाहून घ्यायला हवे.