२०२५मध्ये सहा वर्षांनी मैदानात उतरला ईगल ठाणे स्ट्रायकर्स: संघात कोण आलं, कोण नव्हतं आणि संधी किती होती?

३ जूनला आयपीएलची फायनल संपली आणि दुसऱ्याच दिवशी, ४ जून २०२५ला, मुंबईची स्वतःची टी-२० लीग सुरू झाली. १२ जूनपर्यंत ८ संघ खेळले. त्यातल्या एका संघाच्या नावात ठाणे आहे: ईगल ठाणे स्ट्रायकर्स.

ठाणे, डोंबिवली, कल्याणमधल्या क्रिकेटप्रेमींसाठी हा घरचा संघ. पण २०१९मध्ये पाहिलेला संघ डोळ्यांसमोर ठेवून मॅच लावली असती, तर ओळखीचं फारसं काही सापडलं नसतं. संघ नव्याने बांधला होता. आणि ज्या खेळाडूच्या नावावर तो ओळखला जाणार होता, तोच स्पर्धेच्या काळात इंग्लंडमध्ये होता. हे सगळं कसं झालं, ते समजून घेऊ.

ही लीग नेमकी कोणाची?

टी-२० मुंबई लीग मुंबई क्रिकेट असोसिएशन म्हणजे एमसीएच्या देखरेखीखाली होते. पहिला हंगाम मार्च २०१८मध्ये झाला. तेव्हा ६ संघ होते आणि ट्रायम्फ नाइट्स मुंबई नॉर्थ ईस्ट विजेता ठरला. मे २०१९च्या दुसऱ्या हंगामात संघ ८ झाले, ठाणे स्ट्रायकर्स त्याच वेळी आला. तो हंगाम नॉर्थ मुंबई पँथर्सने जिंकला. त्यानंतर कोरोना आला आणि लीग थांबली ती थेट २०२५पर्यंत.

२०२५मध्ये दोन फ्रँचायझी नव्या होत्या: सोबो मुंबई फाल्कन्स आणि मुंबई साउथ सेंट्रल मराठा रॉयल्स. सामने वानखेडे आणि नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. लीगचा चेहरा होता रोहित शर्मा.

मुंबईच्या लीगमध्ये ठाणे कसं?

क्रिकेटचा नकाशा महापालिकेच्या हद्दीप्रमाणे चालत नाही. एमसीएची हद्द सांगायची सोपी पद्धत म्हणजे लोकलचा नकाशा. पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते डहाणू, मध्य रेल्वेवर सीएसएमटी ते बदलापूर आणि सोबत नवी मुंबई. म्हणजे ठाणे, डोंबिवली, कल्याण हे सगळं क्रिकेटच्या भाषेत मुंबईच. इथला मुलगा रणजी खेळायचं स्वप्न पाहतो, तेव्हा ते मुंबईच्या टोपीचं असतं, महाराष्ट्राच्या नाही.

गंमत म्हणजे ठाण्यात दादोजी कोंडदेव स्टेडियम असूनही ठाणे स्ट्रायकर्सचा एकही सामना शहरात झाला नाही. मात्र नेरूळ ठाणे जिल्ह्यात येतं. त्यामुळे डी. वाय. पाटीलवरची मॅच म्हटलं तर घरच्याच जिल्ह्यात.

संघ बदलला कसा?

दोन हंगामांमध्ये सहा वर्षांची फट पडली, की जुना संघ टिकणं अवघड. २०१९मध्ये तिशीत असलेले काही खेळाडू २०२५पर्यंत निवृत्तीच्या आसपास आले होते आणि आधी शाळेत असलेली मुलं मुंबईच्या सीनियर संघात होती. त्यामुळे २०२५मध्ये सगळ्या संघांची बांधणी लिलावातून झाली.

पद्धत अशी: प्रत्येक संघाला एक आयकॉन खेळाडू. म्हणजे भारताकडून खेळलेला किंवा मोठं नाव असलेला मुंबईकर. बाकीची टीम लिलावात बोली लावून घ्यायची. आयकॉन कोणत्या संघाला मिळतो, याचा त्याच्या घराच्या पत्त्याशी संबंध नसतो.

२०२५चे आठ आयकॉन असे:

- ईगल ठाणे स्ट्रायकर्स: शार्दूल ठाकूर
- ट्रायम्फ नाइट्स मुंबई नॉर्थ ईस्ट: सूर्यकुमार यादव
- सोबो मुंबई फाल्कन्स: श्रेयस अय्यर
- बांद्रा ब्लास्टर्स: अजिंक्य रहाणे
- नॉर्थ मुंबई पँथर्स: पृथ्वी शॉ
- आर्क्स अंधेरी: शिवम दुबे
- आकाश टायगर्स मुंबई वेस्टर्न सबर्ब्स: सरफराज खान
- मुंबई साउथ सेंट्रल मराठा रॉयल्स: तुषार देशपांडे

आता ही यादी मध्य रेल्वेच्या प्रवाशाच्या नजरेने परत वाचा. अजिंक्य रहाणे डोंबिवलीत वाढला, तिथल्याच शाळेत शिकला. तो होता बांद्र्याच्या संघात. तुषार देशपांडे कल्याणचा. तो दक्षिण-मध्य मुंबईच्या संघात. आणि ठाण्याचा आयकॉन शार्दूल हा पालघरचा. अर्थात १ ऑगस्ट २०१४पर्यंत पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं, त्यामुळे शार्दूलचा जन्म ठाणे जिल्ह्यातलाच.

ठाण्याने पैसा कुठे लावला?

लिलावात ठाण्याने हात आखडता घेतला नाही. सगळ्यात महागडा खेळाडू त्यांनीच घेतला: अथर्व अंकोलेकर, १६ लाख २५ हजार रुपये. साईराज पाटीललाही त्यांनी १५ लाखांना घेतलं. तेवढीच बोली आर्क्स अंधेरीने मुशीर खानसाठी लावली.

अंकोलेकर डावखुरा फिरकीपटू आहे आणि खाली येऊन फटकेबाजीही करतो. सप्टेंबर २०१९मध्ये कोलंबोत १९ वर्षांखालील आशिया कपची फायनल झाली. भारत १०६ धावांत गुंडाळला गेला होता. तरीही बांगलादेशला १०१वर रोखून भारत ५ धावांनी जिंकला. अंकोलेकरने त्यात २८ धावांत ५ बळी घेतले. वडील लहानपणीच गेले, आई बेस्टमध्ये कंडक्टर. मुंबईतल्या अनेकांनी त्याचं नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

पण बोली जुन्या आठवणींवर लागत नाही. १५ डिसेंबर २०२४ला बंगळुरूत सय्यद मुश्ताक अली ट्रॉफीची फायनल झाली. मध्य प्रदेशविरुद्ध मुंबईला १७५ धावा हव्या होत्या आणि सामना अडकला होता. सूर्यांश शेडगेने १५ चेंडूंत नाबाद ३६ केल्या आणि अंकोलेकरने ६ चेंडूंत नाबाद १६. मुंबई ५ विकेट्सनी जिंकली. टी-२०मध्ये चार षटकं टाकणारा आणि शेवटी सामना संपवणारा खेळाडू म्हणजे एका जागेत दोन खेळाडू. पाटीलही अष्टपैलूच. म्हणजे ठाण्याने एकेका चमकदार फलंदाजावर पैसा ओतण्यापेक्षा दोन्ही कामं करणारे खेळाडू निवडले.

मग अडचण कुठे होती?

कॅलेंडरमध्ये.

लीग आधी मे महिन्याच्या शेवटी सुरू होणार होती. पण भारत-पाकिस्तान तणावामुळे ९ मेला आयपीएल थांबली, १७ मेला पुन्हा सुरू झाली आणि फायनल ३ जूनवर गेली. त्याबरोबर मुंबईची लीगही पुढे सरकली आणि थेट इंग्लंड दौऱ्यावर जाऊन आदळली.

इंडिया ए संघाचा पहिला सामना ३० मेपासून कँटरबरीत आणि दुसरा ६ जूनपासून नॉर्दम्प्टनमध्ये होता. त्या संघात शार्दूल ठाकूर, सरफराज खान आणि तुषार देशपांडे हे तिघेही होते. म्हणजे आठपैकी तीन आयकॉन बाहेर. शार्दूल तर २४ मेला जाहीर झालेल्या कसोटी संघातही होता. पहिली कसोटी २० जूनला लीड्सला. त्यामुळे तो मधेच परत येण्याचा प्रश्नच नव्हता.

शार्दूलसाठी ही बातमी आनंदाचीच. नोव्हेंबर २०२४च्या आयपीएल लिलावात त्याच्यावर कोणीच बोली लावली नव्हती. त्याने रणजी हंगामात ३५ बळी आणि ५०५ धावा काढल्या. मार्चमध्ये मोहसीन खान जखमी झाला म्हणून लखनौने त्याला बोलावलं आणि हैदराबादविरुद्ध त्याने ३४ धावांत ४ बळी घेतले. ज्याला लिलावात गिऱ्हाईक नव्हतं, तो सहा महिन्यांत कसोटी संघात. ठाण्याचं नुकसान झालं, पण कारण चांगलं होतं.

ठाण्याची संधी किती होती?

तीन गोष्टी महत्त्वाच्या होत्या.

एक, नवा चेंडू कोण घेणार? शार्दूल सुरुवातीलाही टाकतो आणि शेवटच्या षटकांतही. त्याची चार षटकं एकाच बॉलरने भरून निघणं कठीण. ती दोघा-तिघांत वाटावी लागणार होती.

दोन, अंकोलेकर कधी येणार? वानखेडेवर जूनमध्ये दमट हवा आणि संध्याकाळी दव. ओल्या चेंडूने फिरकी टाकणं अवघड होतं. टॉस जिंकून आधी गोलंदाजी की आधी बॅटिंग, हा निर्णय ठाण्यासाठी इतर संघांपेक्षा जास्त महत्त्वाचा ठरणार होता.

तीन, वेळ. संपूर्ण स्पर्धा नऊ दिवसांची होती. आयपीएलमध्ये पहिल्या चार मॅच हरूनही परत येता येतं. इथे दोन वाईट दिवस म्हणजे हंगाम जवळपास संपला. त्यात जूनचा पाऊस होताच.

दुसऱ्या बाजूला आकाश टायगर्स आणि मराठा रॉयल्स यांचीही हीच अडचण होती. सूर्यकुमार, श्रेयस, रहाणे आणि दुबे ज्यांच्याकडे होते, ते संघ कागदावर पुढे दिसत होते. पण टी-२०त अष्टपैलू खेळाडू जास्त असलेला संघ एक मोठं नाव नसतानाही तग धरू शकतो. ठाण्याचा हिशोब त्यावरच होता.

ही लीग जिंकण्या-हरण्यापलीकडे का महत्त्वाची?

कारण इथे बघायला येणाऱ्यांमध्ये आयपीएल संघांची माणसंही असतात. शिवम दुबेने २०१८च्या पहिल्या हंगामात अनुभवी लेगस्पिनर प्रवीण तांबेला एका षटकात पाच षटकार मारले होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आयपीएल लिलावात बंगळुरूने त्याला ५ कोटींना घेतलं.

कल्याण ते सीएसएमटी हे अंतर साधारण ५४ किलोमीटर. मुंबईत क्रिकेट खेळायचं म्हणजे इथल्या मुलांना किटबॅग घेऊन गर्दीच्या लोकलमध्ये चढावं लागतं. रहाणे डोंबिवलीहून असाच जायचा. शार्दूल पालघरहून. तुषार देशपांडे कल्याणहून शिवाजी पार्कला निवड चाचणीला गेला होता फलंदाज म्हणून. बॅट्समनची रांग लांब दिसली, तेव्हा तो बॉलर्सच्या रांगेत उभा राहिला आणि निवडला गेला. जुलै २०२४मध्ये तो भारताकडून खेळला.

शार्दूल नसल्यामुळे ठाणे स्ट्रायकर्समध्ये एक जागा रिकामी झाली होती. ती ज्याला मिळणार होती, त्याचं नाव कदाचित तेव्हा कुणाला माहीतही नव्हतं. ४ जूनपासून ठाण्याच्या जर्सीत शार्दूलच्या जागी कोण चेंडू हातात घेणार, हाच प्रश्न होता.