रमाबाई नगर आणि स्थगिती

आपल्या पोरांना तारखा पाठ असतात. २० मार्च, १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर. मी म्हणतो, आणखी दोन पाठ करा. ११ जुलै १९९७ आणि ७ मे २००९.

पहिली गोळीबाराची. आपण नव्या मुंबईतले; खाडी ओलांडली की घाटकोपरचं रमाबाई आंबेडकर नगर. सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार दिसला. लोक हायवेवर आले. राज्य राखीव पोलीस दलानं गोळ्या घातल्या. दहा माणसं गेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला. गुंडेवार आयोगानं गोळीबार असमर्थनीय ठरवला, उपनिरीक्षक मनोहर कदमवर ठपका ठेवला.

दुसरी शिक्षेची. बारा वर्षांनी सेशन कोर्टानं कदमला जन्मठेप दिली. थोड्याच दिवसांत हायकोर्टानं शिक्षा स्थगित करून जामीन दिला.

इथं नीट समजून घ्या. शिक्षा स्थगित म्हणजे निर्दोष नव्हे. दोष तसाच राहतो, माणूस मात्र घरी असतो. अपील फेटाळलं तर बाहेरचे दिवस शिक्षेत धरत नाहीत. तेव्हा हे कलम ३८९ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ४३० झालं. तरतूद वाईट नाही. अपील वर्षानुवर्षं पडून राहतं, तोवर निरपराध माणसानं का सडावं?

पण स्थगिती कुणाला, किती लवकर? प्रा. साईबाबा बघा. नव्वद टक्के अपंग. १४ ऑक्टोबर २०२२, आपल्या धम्मदीक्षेची तारीख. खटल्याची मंजुरीच बेकायदा म्हणून नागपूर खंडपीठानं त्यांना सोडलं. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सुप्रीम कोर्टानं खास बसून तो निकालच स्थगित केला. ५ मार्च २०२४ ला ते पुन्हा निर्दोष ठरले. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला गेले. एकाची शिक्षा थांबली, दुसऱ्याची सुटका.

तेव्हा नुसत्या मोर्चानं भागायचं नाही. जन्मठेपेच्या गुन्ह्यात सरकारी वकिलाला लेखी विरोधाची संधी दिल्याशिवाय अपिलाचं कोर्ट कैद्याला जामिनावर सोडू शकत नाही. वकिलानं काय लिहिलं, जाऊन विचारा. अॅट्रॉसिटीच्या खटल्यात तर २०१६ पासून कलम १५अ आहे : पीडितांना नोटीस मिळाली पाहिजे, त्यांचं म्हणणं ऐकलं पाहिजे. २००९ ला हे कलम नव्हतं. आज आहे.

निकालाच्या दिवशी पेढे वाटून घरी येऊ नका. अपिलाची तारीख लिहून ठेवा, आणि त्या दिवशी कोर्टात जाऊन बसा.